कांच कशानें बसवावी?

गेल्या आषाढांत एके सकाळीं आमचे तात्या संध्या आटोपून नित्याप्रमाणें मनगटी घड्याळाला किल्ली देऊं लागले, तों घड्याळाची कांच निखळून टपकन् समोरच्या ताम्हनांत पडली. घड्याळ मात्र चालूंच होतें. तात्यांनीं कांच पंचानें पुसून देवघराच्या कोनाड्यांत ठेवली, उघडेंच घड्याळ तिच्याशेजारीं ठेवलें आणि ते पेजेला बसले. त्या दिवशीं त्यांनीं तीन वेळां रिकाम्या मनगटाकडे पाहिलें, हें आमच्या वहिनींच्या लक्ष्यांत आलें. आमच्या आलें नाहीं.

तें घड्याळ एच्. एम्. टी.चें ‘जनता’. हिंदुस्तान मशीन टूल्सनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ सालीं बंगळूरास मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि पुढें पुष्कळ वर्षें या देशांतील मध्यम स्थितीच्या घरांत घड्याळ म्हणजे एच्. एम्. टी. असेंच समीकरण होतें. तात्यांनीं आपलें घड्याळ १९७४ सालीं घेतलें, तेंहि नांव नोंदवून व पांच महिने वाट पाहून. २०१६ च्या जानेवारींत सरकारनें तो घड्याळांचा धंदा बंद करण्याचें ठरविलें. ज्या घरानें त्याला जन्म दिला तें घर मोडलें, त्यामुळें आमच्या घरांत त्याचें मोल कांहींसें वाढलें. पण तात्यांस त्याची खरी गरज निराळ्याच कारणासाठीं होती. त्यांस कांचबिंदु आहे. सकाळीं सहा, दुपारीं दोन आणि रात्रीं दहा या ठरल्या वेळीं डोळ्यांत औषध घालावें लागतें. भिंतीवरचें घड्याळ त्यांस आतां दिसत नाहीं, मोबाईलवरचे आंकडे लखलखतात म्हणून वाचवत नाहींत. पन्नास वर्षांच्या ओळखीची ती पांढरी तबकडी आणि तिच्यावरचे काळे कांटे तेवढे नीट दिसतात. औषधाची वेळ आपली आपण पाहणें हें त्यांचें उरलेलें एक स्वातंत्र्य होतें.

आम्हांस हातानें कांहीं दुरुस्त करण्याची हौस फार, आणि त्या हौसेच्या मानानें ज्ञान बेताचें. मुलाच्या वहाणेचा तळ चिकटवून उरलेली झटपट गोंदाची इवलीशी नळी घरांत होती. दुपारीं तात्या वामकुक्षी करीत असतां आम्हीं घड्याळ घेतलें, कडेनें नळीचें टोंक फिरवलें, कांच ठेवली आणि अंगठ्यानें दाबून धरली. अर्ध्या मिनिटांत कांच अशी घट्ट बसली कीं, आमची आम्हांसच शाबासकी द्यावीशी वाटली. तात्या उठण्यापूर्वीं घड्याळ कोनाड्यांत जागच्या जागीं होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों कांचेच्या आंतल्या अंगास सर्वत्र पांढरें धुकें धरलेलें! बाहेरून पुसावें तर तें आंत. आणि आंत जाण्याचा मार्ग आम्हींच बंद केलेला. एक थेंब ओघळून तबकडीवर चारच्या खुणेशीं जाऊन थिजला होता. याहूनहि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, त्या धुक्याच्या मधोमध आमच्या अंगठ्याचा ठसा रेघन् रेघ उमटला होता. कांच बसविण्यापूर्वीं ती आम्हीं आंतून हाताळली होती, तिची ती पावती. तात्यांनीं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखिलें आणि म्हणाले, “मामलेदार कचेरींत बत्तीस वर्षें लोकांचे अंगठे घेतले, पण लिहितां-वाचतां येणाऱ्याचा अंगठा घेण्याची वेळ कधीं आली नव्हती.” यापलीकडे ते एक शब्दहि बोलले नाहींत. घड्याळ त्यांनीं मनगटाला बांधलें, किल्ली दिली, आणि त्या दुपारीं आम्हीं त्यांस ओटीवरून आमच्या धाकट्या मुलीला विचारतांना ऐकलें, “बाळ, दोन वाजले का ग?”

रागावले असते तर बरें झालें असतें.

हा ठसा असा कां उमटावा याचा आम्हीं मग शोध केला. या झटपट गोंदाचें शास्त्रीय नांव सायनोॲक्रिलेट. अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनींत हॅरी कूव्हर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ १९४२ सालीं बंदुकीच्या नेमदर्शकासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत असतां हें द्रव्य त्यांच्या हातीं आलें; तें ज्याला त्याला चिकटतें म्हणून त्यांनीं तें बाजूस सारलें. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच दुर्गुणाचा गुण झाला आणि १९५८ सालीं तें बाजारांत आलें. तें वाळतें असें आपण म्हणतों, पण खरें पाहतां तें पाणी मिळाल्यानें घट्ट होतें; हवेंतील व वस्तूच्या अंगावरील नुसता ओलावा त्यास पुरतो, आणि आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ओलाव्याची वाण कधींच नाहीं. घट्ट होण्यापूर्वीं त्याची थोडी वाफ निघते. ती वाफ मोकळ्या हवेंत विरून जाते. घड्याळासारख्या बंद डबींत मात्र तिला जाण्यास वाट नसल्यामुळें ती कांचेवर व तबकडीवर बसून पांढरी होते. जेथें बोटाचा घाम व तेल लागलेलें असेल तेथें ती अधिक धरते. पोलिसखात्यांतले तज्ज्ञ गुन्ह्याच्या जागीं सांपडलेल्या वस्तु याच वाफेंत धरून बोटांचे ठसे उमटवून घेतात. आम्ही आपल्या गुन्ह्याचा पंचनामा अशा रीतीनें आपल्याच हातानें करून ठेवला होता.

नेलपॉलिश काढण्याच्या द्रवानें हा गोंद सुटतो असें कोणीं सांगितलें, म्हणून आम्ही वहिनींकडे तो मागण्यास निघालों होतों. परंतु एका चुकीवर दुसरी चढविण्यापूर्वीं जाणत्यास विचारावें अशी सुबुद्धि झाली, आणि घड्याळ रुमालांत बांधून आम्ही बाजारपेठेंतल्या घड्याळजींकडे गेलों. त्यांचें दुकान म्हणजे दुसऱ्या एका दुकानाच्या पायरीलगतचें कांचेचें कपाट आणि एक स्टूल. डोळ्याला भिंग लावून त्यांनीं घड्याळ एकदां फिरवून पाहिलें आणि आमच्याकडे न पाहतांच विचारलें, “हेका गोंद कित्याक व्हयो?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. कांच निघाली म्हणजे ती चिकटवावी, यापलीकडे आम्हीं विचारच केला नव्हता. “ही कांच आपल्या ताकदीन रवता,” ते म्हणाले. आणि पुढला अर्धा तास, बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळें दुसरें गिऱ्हाईक नव्हतें म्हणून, त्यांनीं आम्हांस जें समजावून दिलें तें येथें सांगावें असें वाटतें. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या खणांत असें एखादें घड्याळ पडलेलें असेल, आणि आमच्यासारखा हौशी माणूस तर प्रत्येक घरीं असतोच.

तात्यांच्या घड्याळाची कांच मुळीं कांचच नव्हे. ती ॲक्रिलिक नांवाच्या प्लास्टिकची. हें द्रव्य १९३३ च्या सुमारास जर्मनींत ‘प्लेक्सिग्लास’ या नांवानें विकूं लागले आणि त्यानंतर घड्याळांत आलें. ही फुटून तिचे तुकडे होत नाहींत, म्हणून चंद्रावर १९६९ सालीं गेलेल्या अंतराळवीरांच्या ओमेगा घड्याळांसहि अशीच कांच होती. ती बसविण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. डबीच्या खांचेपेक्षां कांच मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनीं मोठी घ्यावयाची. एका पंजासारख्या हत्यारानें तिची कड चोहोंकडून आंत दाबावयाची, म्हणजे मधला भाग किंचित् फुगून तिचा घेर कमी होतो. त्या स्थितींत ती खांचेंत ठेवून पंजा सैल करावयाचा. कांच पूर्वस्थितीवर येऊं पाहते आणि खांचेच्या कडेला घट्ट भिडते. डिंक नाहीं, सरस नाहीं, कांहीं नाहीं. पन्नास वर्षें ऊन, घाम व खारा वारा लागून तात्यांच्या कांचेच्या कडेला बारीक तडे गेले, तिचा ताण सुटला, आणि ती पडली. अशी ताण गेलेली कांच चिकटवूं नये; नवी बसवावी. आणि नेलपॉलिशच्या द्रवांत असणारें ॲसिटोन तिला लावलें असतें, तर ती तत्काळ विरघळूं लागून दुधाळ झाली असती व तबकडीवरचा रंगहि उतरला असता. आम्ही वाटेंतूनच परतलों तें किती बरें झालें!

अलीकडच्या गोल घड्याळांत खरी कांच असते, पण तिच्याभोंवतीं नायलॉनची पातळ कडी घालून ती यंत्रानें दाबून बसवितात. तेथेंहि गोंदाचें काम नाहीं. गोंद लागतो तो उरलेल्या थोड्या घड्याळांस: चौकोनी, पिंपासारख्या आकाराच्या, किंवा जेथें कांच नुसती एका चिंचोळ्या काठावर टेंकलेली असते अशांस. आणि असें एक घड्याळ आमच्या घरीं होतें, हें आम्हांस तेथेंच आठवलें. आमच्या आत्याचें. सोन्याच्या मुलाम्याचें, नखाएवढ्या चौकोनी तबकडीचें, कै. काकांनीं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीं तिला दिलेलें. त्याची कांच सुटून तीन वर्षें तें हळदी-कुंकवाच्या जुन्या डबींत पडून होतें.

तात्यांच्या घड्याळाची हकीकत घरभर झालेली असल्यामुळें आत्या तें देईना. “अरे, तुझा एक अंगठा पुरे झाला,” असें ती म्हणाली. शेवटीं अट ठरली कीं, घड्याळ घड्याळजींच्याच हातीं द्यावयाचें, आम्हीं फक्त जवळ बसावें, आणि कोणता गोंद लावणार हें तिला आधीं सांगावें. म्हणून निवडीचा प्रश्न आतां आमच्या गळीं आला, आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर दोन-चार संध्याकाळीं जाऊन बसलों.

झटपट गोंद तर बाद झालाच होता. दोन नळ्यांतले दोन पदार्थ समभाग कालवून करावयाचें इपॉक्सी आम्हांस सुचलें; स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनें १९४६ सालीं काढलेलें ॲराल्डाइट त्याच जातीचें, आणि आमच्या घरीं फुटलेल्या बरणीच्या झांकणापासून देव्हाऱ्याच्या कळसापर्यंत सर्व कांहीं त्यानेंच उभें आहे. घड्याळजींनीं मान हलविली. एक तर तें कालांतरानें पिवळें पडतें, आणि कांचेच्या कडेला पिवळी रेघ म्हणजे दांतांवरच्या पानाच्या डागासारखी. दुसरें, आणि त्यांच्या मतें मोठें कारण, तें सुटत नाहीं. पुढें कधीं कांच काढण्याची वेळ आली तर ती फोडूनच काढावी लागते. “घड्याळ परत उघडूचा लागता,” ते म्हणाले. “माझ्या मागसून जो कोण उघडतलो, तेका त्रास होऊक नये.”

आम्ही दुरुस्तीचा विचार आजपर्यंत नेहमीं उलट केला होता. चिकटविलेली वस्तु जन्मांत सुटतां कामा नये, हाच गोंदाचा मोठेपणा अशी आमची समजूत. त्या सायंकाळीं पाऊस उघडल्यावर आम्ही धक्क्यावर गेलों. समोर पाण्यांत सिंधुदुर्ग. १६६४ सालीं महाराजांनीं कुरटे बेटावर त्याचा आरंभ केला, आणि पायाचे चिरे शिसें ओतून बसविले असें सांगतात. त्या किल्ल्याला तसेंच बसवायला हवें होतें. तो कोणी पुन्हां उघडावयाचा नव्हता. धक्क्याशीं ओढून ठेवलेल्या होड्यांची गोष्ट निराळी. पूर्वीं लांकडी होड्यांच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ आणि तेल यांचा लेप देत. तो कांहीं काळानें खरवडून काढावयाचा व नवा भरावयाचा, हें गृहीतच असे. घड्याळ हें होडीच्या जातीचें.

मग आम्हांस आपल्याकडच्या जुन्या चिकटांची आठवण झाली. मोरचूद घालून केलेली पुस्तक बांधण्याची खळ, सुताराचा सरस, फणसाचा चीक, सोनाराची लाख. सावंतवाडी येथून जवळच. तेथल्या लांकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर जी झळाळी दिसते ती लाखेचीच. घड्याळाला लाख चालेल काय, असें आम्हीं थट्टेनें विचारलें, आणि घड्याळजींनीं हांसून एक जुनें घड्याळ उघडून भिंग आमच्या डोळ्याला लावलें. ज्या चिमुकल्या दुबोटी कांट्याच्या हालण्यानें घड्याळ टिक्-टिक् करतें, त्याच्या दोन टोंकांस माणकाचे दोन खडे होते, आणि त्यांच्या बुडाशीं तांबूस-पिवळ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका लाखेचा! स्विस घड्याळ असो वा बंगळूरचें, त्याच्या काळजांतले हे खडे लाखेनें बसविण्याची रीत चालत आलेली आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या डहाळ्यांवर वाढणाऱ्या किड्याची ही लाख. झारखंडांत ती पुष्कळ होते, आणि तिच्या अभ्यासासाठीं १९२४ सालीं रांचीस एक संस्था निघाली. पांडवांना जाळण्यासाठीं ज्या द्रव्याचें घर बांधलें, त्याचा कण तात्यांच्या मनगटावर पन्नास वर्षें टिक्-टिक् करीत होता, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. लाख तेथें कां, तर तिला ऊब दिली कीं ती मऊ होते. खडा केसभर सरकवावा, निवूं द्यावें, पुन्हां घट्ट. हवें तितक्या वेळां. कांचेला मात्र ती उपयोगी नाहीं, कारण तितकी ऊब तबकडीला सोसत नाहीं, शिवाय लाखेला रंग आहे व ओलाव्यानें ती पांढुरकी होते.

आत्याच्या घड्याळासाठीं शेवटीं दोनच पर्याय उरले. एक, घड्याळांच्या कांचांसाठीं म्हणूनच विकलें जाणारें, सुईसारख्या बारीक तोंडाच्या नळींतलें सिमेंट. अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवचें जी. एस्. हायपो सिमेंट हें त्यांत प्रसिद्ध. तें पांच-दहा मिनिटें ओलें राहतें, म्हणून कांच सरळ करून घेण्यास सवड मिळते. पुरतें वाळण्यास एक दिवस लागतो. जास्त झालेलें स्पिरिटच्या बोळ्यानें पुसून निघतें, आणि पुढें कांच काढावयाची झाली तर तें फार हट्ट करीत नाहीं. दुसरा, अतिनील किरणांनीं घट्ट होणारा गोंद. हा सावलींत कितीहि वेळ पातळच राहतो, आणि त्या जांभळट दिव्याखालीं धरला कीं थोड्याच वेळांत कांचेसारखा स्वच्छ घट्ट होतो. मोबाईलच्या पडद्यांसाठीं तो सर्रास वापरतात, आणि घड्याळजींच्या पुतण्याचें मोबाईल-दुरुस्तीचें दुकान शेजारींच असल्यामुळें दिवा आयता होता. उन्हांतहि तो घट्ट होतो. पण आषाढांत मालवणास उन्हाची वाट पाहणें म्हणजे काय, तें कोंकणच्या वाचकांस सांगावयास नको. ॲक्रिलिकच्या कांचेआड मात्र याचा भरंवसा नाहीं, कारण तें प्लास्टिक पुष्कळदां हे किरण अडवितें. आत्याची कांच खरी कांच होती.

हे दोन्ही पर्याय आम्हीं आत्यापुढें मांडले. तिनें विचारलें, “पुन्हां सुटेल असा कोणता?” आम्हीं सिमेंट सांगितलें. “तोच लाव. माझ्यामागें हें घड्याळ सुनेकडे जायचें आहे. तिला पुन्हां उघडायचें तर उघडतां यावें.” घड्याळजींचें बोलणें आम्हीं तिच्या कानांवर घातलेलें नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे.

काम आम्हीं जवळ बसून पाहिलें. प्रथम त्यांनीं घड्याळाचें यंत्र तबकडीसकट डबीबाहेर काढून झांकून ठेवलें. हीच एक गोष्ट आम्हीं केली असती तर तात्यांचें चार वाचले असते. मग काठावरचा जुना गोंद लांकडी काडीच्या टोंकानें खरवडून, काठ स्पिरिटनें पुसला. कांच धुऊन, पुसून, त्यानंतर चिमट्यानेंच धरली. गोंद कांचेला न लावतां डबीच्या काठाला, तोहि इतका थोडा कीं दिसूंच नये. या सर्वांत गोंद लावण्यास अर्धें मिनिट लागलें आणि स्वच्छ करण्यास पाऊण तास. दुसऱ्या दिवशीं यंत्र परत बसविण्यापूर्वीं त्यांनीं तें ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलें होतें. भर पावसांतली हवा डबींत कोंडली तर थंडीच्या पहांटे कांचेआड दंव धरतें. पाण्यापासून मात्र कोणताहि गोंद घड्याळाला वांचवीत नाहीं, असें ते म्हणाले, कारण पाणी बहुधा किल्लीच्या वाटेनें शिरतें. आत्या तें घड्याळ घालून विहिरीवर जात नाहीं, तेव्हां ती चिंता नव्हती.

तात्यांच्या घड्याळाची आमच्या अंगठ्याची कांच फोडून काढावी लागली. तबकडीवरचें धुकें कोरड्या मऊ कुंचल्यानें बरेंचसें निघालें. चारच्या खुणेवरचा थेंब तसाच ठेवला, कारण तो काढूं गेल्यास खालचा रंग त्याच्याबरोबर येईल असें घड्याळजींस वाटलें. नवी कांच पंजानें बसली तेव्हां एक हलकासा ‘टक्’ असा आवाज झाला, तो अजून आमच्या कानांत आहे.

घड्याळ आम्हीं तात्यांच्या हातीं दिलें आणि थेंबाबद्दलहि सांगून टाकलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेलें, तबकडीवरून दृष्टि हळुहळू फिरवीत चारपाशीं थांबले, आणि किल्ली देतां देतां म्हणाले, “असूं दे. सहा, दोन आणि दहा दिसतात. चारला चहा असतो, तो घड्याळावांचून कळतो.”